मोठे कुत्रे पिकअपमधून नेताना

भांडुपच्या एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना चिपळूणजवळच्या गावी जायचे आहे. बरोबर पाच वर्षांचा, ३८ किलो वजनाचा जर्मन शेफर्ड आणि नऊ वर्षांची, ३४ किलोची लॅब्रॅडॉर आहे. घरच्या छोट्या गाडीत माणसे आणि सामान भरल्यावर या दोघांना जागा उरत नाही, म्हणून शेजाऱ्यांची बोलेरो पिकअप ठरवली आहे. हौद्यात गादी अंथरायची, वर ताडपत्री बांधायची, दोघांनाही केबिनमागच्या लोखंडी जाळीला साखळीने बांधायचे, सोबतीला पुतण्याने मागे बसायचे आणि सकाळी नऊला निघायचे, असा बेत आहे. हे सुरक्षित आहे का, आणि निघताना झोपेची गोळी द्यावी का, असे त्यांनी विचारले आहे.

मुंबईतून पाळीव आणि आजारी प्राण्यांची ने-आण करण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे. त्या आधारावर आधी स्पष्ट सांगतो की हा बेत आहे तसा अमलात आणू नका. पिकअप वापरायला माझी हरकत नाही. नीट तयारी केली तर मोठ्या कुत्र्यासाठी ती चांगली गाडी आहे. परंतु हौद्यात कुत्रा बांधायचा नसतो, पिंजरा बांधायचा असतो. कुत्रा त्या पिंजऱ्यात मोकळा बसतो आणि पिंजरा गाडीचाच एक भाग असल्यासारखा घट्ट राहतो. पुढचे सगळे सांगणे याच एका गोष्टीभोवती आहे.

त्याआधी एक सोपा बदल सुचवतो. सामान पिकअपमध्ये टाका आणि कुत्र्यांना घरच्या गाडीत घ्या. मागची सीट मोकळी झाली की निदान लॅब्रॅडॉर तरी छातीचा हार्नेस घालून, तो सीटबेल्टला जोडून, माणसांबरोबर येऊ शकेल. नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर म्हणजे वयस्कर कुत्री. या जातीत खुब्याच्या सांध्याचा त्रास नेहमीचा आहे, आणि बंद काचांच्या थंड गाडीत तिचा दिवस कितीतरी सुखाचा जाईल. पुढच्या सीटवर मात्र तिला बसवू नका, कारण एअरबॅग माणसाच्या बांध्याचा विचार करून बसवलेली असते. ज्यांच्याकडे दोन रांगांच्या केबिनची पिकअप आहे, त्यांनीही हौद्याचा विचार करण्यापूर्वी मागच्या सीटचा करावा.

आता साखळीबद्दल. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आपटून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. ३८ किलोच्या शेफर्डच्या बाबतीत हा जोर ७०० किलोच्या वर जातो, आणि गळपट्टा व साखळी असेल तर तो सगळा मानेच्या दोन बोटे रुंद पट्टीवर येतो. अपघात झाला नाही तरी धोका टळत नाही. बहुतेक पिकअपच्या हौद्याची बाजू जेमतेम अर्धा मीटर उंच असते. जर्मन शेफर्डचा नर खांद्यापाशी ६० ते ६५ सेंटिमीटर आणि लॅब्रॅडॉरची मादी ५४ ते ५६ सेंटिमीटर भरते, म्हणजे ती बाजू त्यांच्या खांद्यालाही पुरत नाही. सिग्नलला शेजारी भटका कुत्रा भुंकला की शेफर्ड पुढचे पाय कडेवर टाकतो आणि क्षणात बाहेर झेपावतो. साखळी लांब असेल तर तो गाडीबरोबर फरफटत जातो, आखूड असेल तर लटकून गळफास बसतो. असा एक कुत्रा आमच्याकडे आला होता. पायांचे तळवे सोलून निघाले होते, नखे घासून मांसापर्यंत गेली होती, आणि गळपट्ट्याखालचे केस बाजूला केल्यावर कातडीवर साखळीच्या कड्यांचे ठसे एकेक करून मोजता येत होते. तो वाचला, कारण मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवत पिकअप थांबवली.

उघड्या हौद्यातून कुत्रे नेण्याचा प्रघात अमेरिकेत जुना आहे आणि तिथल्या कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन कायद्यात त्यावर नेमकी अट आहे. कुत्रा पिंजऱ्यात हवा, किंवा हौद्याच्या चारही बाजू किमान ४६ इंच उंच हव्यात, किंवा कुत्रा दोन बाजूंनी असा ताणून बांधलेला हवा की तो कडेपर्यंत पोहोचूच शकणार नाही. ४६ इंच म्हणजे जवळजवळ ११७ सेंटिमीटर. यावरून आपल्या बोलेरोची बाजू किती अपुरी आहे हे लक्षात येईल. दोन बाजूंनी बांधण्याचा तिसरा पर्याय मी फक्त अडचणीच्या वेळी, गल्लीतून दवाखान्यापर्यंतच्या अंतरासाठी आणि तोही हार्नेसला बांधून मान्य करतो. अडीचशे किलोमीटरसाठी तो मार्ग नव्हे.

पिंजऱ्याचे माप घेताना कुत्र्याला भिंतीशेजारी सरळ उभे करावे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यावी, तीत जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवावा. ही पिंजऱ्याची लांबी झाली. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही पिंजऱ्याची रुंदी, आणि उभ्या कानांच्या टोकापर्यंतची उंची अधिक अंथरुणाची जाडी ही पिंजऱ्याची उंची. विमानातून प्राणी नेताना हेच सूत्र वापरतात. तुमच्या शेफर्डसाठी हे साधारण ११० सेंटिमीटर लांब आणि ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद होईल, तरी माप त्याच्याच अंगावर घ्यावे. प्रेमापोटी पिंजरा याहून मोठा करू नका. ब्रेक लागल्यावर कुत्रा जितका अधिक घरंगळेल तितका अधिक जोराने आदळेल. उभे राहणे, वळणे आणि पाय पसरून निजणे एवढे जमले की जागा पुरेशी आहे.

दुकानात मिळणारा घडीचा तारेचा पिंजरा घरात ठीक आहे, पण धक्का बसला की त्याच्या बिजागऱ्या सुटून तो पत्त्यासारखा मिटतो आणि तुटलेल्या तारा आतल्या प्राण्याला टोचतात. प्लॅस्टिकचा विमानप्रवासाचा पिंजरा वापरायचा असेल, तर त्याचे दोन भाग क्लिपांनी न जोडता नट-बोल्टने जोडावेत. माझ्या मते सर्वांत चांगला पिंजरा म्हणजे फॅब्रिकेटरकडून २५ मिलिमीटरच्या लोखंडी चौकोनी पाइपचा बनवून घेतलेला. कुर्ला, साकीनाका, घाटकोपर या पट्ट्यात हे काम करणारे गाळे जागोजाग आहेत. जाळी वेल्डमेशची, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली असावी, तिची कापलेली टोके बाहेरच्या बाजूला वळवून घासून घ्यावीत, आणि ताबा घेताना आतून प्रत्येक कोपऱ्यावर उघडा तळहात फिरवून पाहावा. आपल्या हाताला जे खरचटते ते कुत्र्याच्या डोळ्याला फाडते. दार दोन कड्यांचे असावे आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक छोटे दार ठेवावे, कारण मागून कोणी धडकले तर फाळका, म्हणजे हौद्याची मागची उघडणारी बाजू, वाकून मुख्य दार अडकू शकते.

आता पिंजरा कुठे आणि कसा बांधायचा. पिकअपचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, टनभराहून अधिक माल पेलण्यासाठी घडवलेले असतात. हौदा रिकामा असेल तर ते दबतच नाहीत आणि प्रत्येक खड्ड्यावर मागचा भाग उसळतो. ज्यांनी रिकाम्या टेम्पोच्या मागे बसून कधी प्रवास केला असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून पिंजरा फाळक्याकडे कधीही ठेवू नये. तो केबिनला टेकून, मागच्या चाकांच्या पुढे असावा, कारण तिथे उसळी सर्वांत कमी लागते. पिंजरा एकच असेल तर तो आडवा, म्हणजे लांब बाजू केबिनच्या भिंतीला लावून ठेवावा, म्हणजे ब्रेक लागला की कुत्र्याला पुढे सरकायला जागा उरत नाही. दोन पिंजरे असतील तर दोन्ही उभे, शेजारी शेजारी बसवावे लागतील. गावाला न्यायची तांदळाची पोती, पाण्याचे कॅन, गाद्या हे सगळे पिंजऱ्याच्या बाजूला आणि केबिनलाच टेकवून, खाली आणि घट्ट बांधून ठेवा. त्या वजनाने पाटे थोडे दबतील आणि गाडी मऊ चालेल. जड सामान पिंजऱ्याच्या मागे मात्र नको, कारण करकचून ब्रेक मारला तर ते सगळे पिंजऱ्यावर चालून येते. मागच्या टायरांतली हवाही पूर्ण मालाची भरलेली असते. कमी भारासाठी कंपनीने जो आकडा दिला आहे तेवढी ठेवावी, उगाच अंदाजाने कमी करू नये.

या गाड्यांना दोर अडकवायचे हूक हौद्याच्या बाहेरच्या अंगाला असतात. ते ताडपत्रीसाठी आहेत. त्यांवरून पट्टा टाकला तर तो हौद्याच्या कडेवर घासतो आणि चिपळूणपर्यंत अर्धा कापला जातो. हौद्याच्या तळाला चार कोपऱ्यांत लोखंडी कड्या बोल्टने बसवून घ्याव्यात, पत्र्याखालून प्रत्येक बोल्टला हातभर नव्हे तरी तळहाताएवढी जाड पट्टी द्यावी, नाहीतर जोर आल्यावर बोल्ट पत्रा फाडून वर येतो. मग चार रॅचेट पट्टे, म्हणजे खटक्याने ताणून आवळता येणारे पट्टे, प्रत्येक कोपऱ्याला एक. बांधून झाल्यावर पिंजऱ्याला खांदा लावून जीव खाऊन ढकलावे. पिंजरा न हलता गाडी हलली, तर बांधणी बरोबर आहे. नायलॉनचा दोर आणि गाठी यांवर माझा विश्वास नाही. दोर ताणला जातो आणि गाठ सैल पडते. पेणपर्यंत गेल्यावर एकदा थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळावेत.

गादीऐवजी हौद्याच्या नागमोडी पत्र्यावर आधी प्लायवूड, त्यावर रबराची जाड चटई आणि पिंजऱ्यात वर दुमडलेले गोणपाट किंवा घरची जुनी गोधडी घालावी. पाय घसरत राहिले तर कुत्रा तासन्‌तास स्नायू ताणून उभा राहतो, आणि उतरल्यावर लंगडतो तो यामुळे. घरची गोधडी मुद्दाम सांगतो आहे, कारण तिच्या वासाने तो शांत राहतो. त्याच कारणासाठी पिंजरा निघण्याच्या आदल्या दिवशी आणू नका. निदान दोन आठवडे आधी घरात ठेवा, त्यात जेवण द्या, दार उघडे ठेवून त्याला आपणहून आत निजू द्या. नंतर इमारतीभोवती, मग पवईपर्यंत अशा छोट्या फेऱ्या कराव्यात.

मे महिन्याच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी उन्हाची वाटते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरचे आणि श्वसनमार्गातले पाणी वाफ करून शरीर थंड ठेवतो. कोकणच्या दमट हवेत ती वाफ नीट होत नाही, त्यामुळे नागपूरच्या कोरड्या उन्हापेक्षा कमी तापमानातही इथला कुत्रा लवकर संकटात येतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. ४० च्या वर गेले की सावध व्हावे, आणि ४१ च्या पुढे मेंदू, मूत्रपिंडे आणि आतडी यांना इजा होऊ लागते. म्हणून नऊ वाजता निघणे मला मान्य नाही. पहाटे चारला भांडुप सोडा. पुलांवर आणि पनवेलपर्यंत रस्ता मोकळा मिळेल, मालवाहू गाड्यांवरच्या गर्दीच्या वेळेच्या निर्बंधांचाही प्रश्न येणार नाही, आणि इंदापूर-माणगावची कोंडी ऊन चढण्याआधी मागे पडेल. कोंडीत उभी राहिलेली पिकअप ही धावत्या पिकअपपेक्षा कुत्र्यासाठी कितीतरी वाईट, कारण वारा थांबतो आणि खालचा पत्रा व रस्ता दोन्ही तापलेले असतात.

ताडपत्री बांधा, पण पिंजऱ्यावर थेट टाकू नका. पिंजऱ्याच्या वर वीतभर मोकळी जागा ठेवून छप्परासारखी ताणावी, वरचा रंग पांढरा किंवा चंदेरी असावा, आणि बाजूंना ताडपत्रीऐवजी रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट लावावी. तिच्यातून वारा येतो आणि खडी-वाळूच्या ट्रकमधून उडणारी कच डोळ्यांत जात नाही. उघड्या हौद्यात तोंड वाऱ्याला देऊन उभ्या असलेल्या कुत्र्याच्या बुबुळावर कणाने ओरखडा पडून व्रण होणे ही आमच्याकडे नेहमी येणारी तक्रार आहे. तीन बाजूंनी पक्की ताडपत्री आणि मागे उघडी, अशी रचना तर कधीच करू नये. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर उलटा आत ओढला जातो. बोगद्यात किंवा घाटात हळू चालताना हे आणखी वाढते. हवा पुढून आत आणि मागून बाहेर, अशी वाट तिला मिळाली पाहिजे.

धापा टाकताना जीभ नेहमीपेक्षा रुंद आणि गडद लाल दिसू लागली, लाळ चिकट झाली, कुत्रा हाक मारल्यावर मान वळवेना किंवा उभा राहताना झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. दवाखाना शोधत पळण्याआधी तिथेच सावलीत थांबून साधे पाणी पोट, जांघा आणि पायांसह सगळ्या अंगावर ओतत राहावे, पुठ्ठ्याने वारा घालावा, आणि तापमान ३९.५ च्या आसपास आल्यावर ओतणे थांबवून पशुवैद्यकाकडे न्यावे. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आत कोंडतो. यासाठी वीस लिटरचा एक कॅन आणि एक थर्मामीटर फक्त कुत्र्याच्या नावाने ठेवा. बॉक्सर, बुलडॉग, बुलमॅस्टिफ अशा आखूड नाकाच्या जाती असत्या, तर मी मे महिन्यात हौद्यातून न्यायला सरळ नकार दिला असता.

झोपेच्या गोळीचे उत्तर नाही असे आहे. गुंगीच्या औषधांनी रक्तदाब उतरतो, शरीराची तापमान सांभाळण्याची शक्ती मंदावते, आणि धक्क्याला तोल सावरता येत नाही. माणसांची गोळी तर चुकूनही नको. कुत्रा खरोखरच घाबरट असेल किंवा गाडीत ओकत असेल, तर त्यासाठी वेगळी, सुरक्षित औषधे आहेत. ती तुमच्या पशुवैद्यकाने तपासून द्यावीत आणि एकदा घरी देऊन परिणाम पाहावा.

खाण्याच्या बाबतीत, पोटभर जेवण आदल्या रात्री लवकर द्यावे. निघण्याच्या दोन तास आधी हलके खाणे आणि पाणी, मग अर्धा तास चालवून आणणे. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये भरल्या पोटी हेलकावे बसले तर पोट फुगून पिळा पडण्याची भीती असते. पोट ढोलासारखे ताणलेले, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, ही त्याची खूण. त्यावर वाटेतला कोणताही घरगुती उपाय नाही, शस्त्रक्रियाच लागते, आणि प्रत्येक तास मोलाचा असतो. निघण्यापूर्वी पनवेल, महाड आणि चिपळूण येथील एकेका पशुवैद्यकाचा क्रमांक फोनमध्ये घेऊन ठेवा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी द्यावे, माजावर असलेली मादी नराबरोबर नेऊ नये, चावऱ्या कुत्र्याला मुसके घालून वेगळे न्यावे, हेही त्याच नियमांत आहे. त्रास होईल अशा रीतीने प्राणी नेणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. रेबीजच्या लसीचे पुस्तक आणि महापालिकेचा परवाना सोबत असावा. पुतण्याला हौद्यात बसवणे नियमबाह्य तर आहेच, पण त्याच्याच जिवाला धोका आहे. त्याने केबिनमध्ये बसावे आणि पिंजऱ्यात लावलेला छोटा कॅमेरा मोबाइलवर पाहत राहावे.

चढवणे-उतरवणे आणि थांबे यांकडे मात्र पूर्ण लक्ष द्या, कारण कुत्रे हरवतात ते इथेच. फाळक्यावरून उडी मारू देऊ नका. उडी घेताना सगळे वजन पुढच्या खांद्यांवर येते, आणि वयस्कर कुत्र्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध एका उडीत तुटू शकतो. दोन मीटर लांबीची रुंद फळी घ्या, तिच्यावर काथ्याची चटई खिळ्यांनी ठोका आणि घरीच सराव करून घ्या. थांब्यावर आधी जाळीतून हात घालून दोर हार्नेसला अडकवायचा, दोराचे दुसरे टोक मनगटात घ्यायचे, आणि मगच दार उघडायचे. अनोळखी जागी, ट्रकच्या हॉर्नने बिचकलेला अत्यंत आज्ञाधारक कुत्राही महामार्गावर सुसाट धावतो. कारवान हाउंडसारख्या अरुंद डोक्याच्या जातींच्या मालकांनी विशेष जपावे, कारण साधा गळपट्टा त्यांच्या कानांवरून सहज निसटतो. गळ्यात मोबाइल क्रमांकाचा बिल्ला असावा. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबावे, पण ढाब्यासमोर किंवा पेट्रोल पंपावर नव्हे, कारण तिथले भटके कुत्रे गाडीला घेरतात. गाव मागे टाकून झाडाखाली थांबावे आणि पाणी थोडे थोडे करून पाजावे.

गाडी चालवणाऱ्याला आदल्या दिवशीच भेटून सांगा की ताशी ६० च्या वर जायचे नाही, गतिरोधकावर जवळजवळ थांबायचे, आणि परशुराम घाटात उतारावर गिअरमध्येच गाडी ठेवायची, म्हणजे वारंवार ब्रेक लागत नाही. भाडे खेपेवर नव्हे तर दिवसावर ठरवा, म्हणजे त्याला घाई राहणार नाही. पहिल्या तासानंतर त्याला एकदा मागे नेऊन कुत्रा दाखवा. आपण मागे कोणाला घेऊन चाललो आहोत हे एकदा पाहिले की माणूस वेगळी गाडी चालवतो.

गावी पोहोचल्यावर अंगण बंद असल्याशिवाय दोर सोडू नका. थोडे पाणी, थोडे चालणे आणि तासाभराने हलके जेवण द्यावे. पायांचे तळवे, हार्नेसखालची कातडी आणि डोळे तपासावेत. परतीच्या आधी हौद्यातल्या कड्यांचे बोल्ट पाना लावून पुन्हा आवळून घ्या, कारण महामार्गाच्या हादऱ्यांनी ते हमखास थोडे ढिले झालेले असतात.